सांगली-मिरजेतला महिला आरोग्य रिसर्चचा सल्लागार गट: कसा आहे, बायकांनी जावं का

माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बऱ्याच जणी विचारत असतात की ताई तुम्ही त्या रिसर्चवाल्या मीटिंगला जाता तिथं नेमकं करतात काय, सुया टोचतात का, पैसे देतात का, घरी काय सांगायचं. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथं सगळं लिहिते, ज्यांना जायचंय त्यांनी नीट वाचा, जरा लांब झालंय.

आमच्या सांगली-मिरज भागातली एक वैद्यकीय संस्था बायकांच्या अ‍ॅनिमियावर स्टडी करतेय, म्हणजे पाळीत अंगावरून जास्त जातंय आणि त्यामुळं अंगातलं रक्त कमी होतंय का, आणि गोळ्या दिल्या तर त्या बायका खरंच घेतात का, असं सगळं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण लिहिणाराय. स्टडीत ज्यांचं रक्त तपासतात, ज्यांना गोळ्या देतात त्या बायका वेगळ्या. आम्ही सल्लागार गटातल्या. आम्हाला कुणी टोचत नाही, आमची तपासणी नाही, औषध नाही. डॉक्टर लोकांनी जे ठरवलंय ते आपल्यासारख्या बाईच्या दिवसात बसतंय का एवढं बघायचं आणि तोंडावर स्पष्ट सांगायचं, प्रश्न बरोबर विचारलेत का, रक्त कधी आणि कुठं घ्यायचं, रिपोर्ट कुणाच्या हातात पडणार, आणि सगळं संपल्यावर गावाला काय कळणार.

गटात कोण कोण आहे ते सांगते म्हणजे अंदाज येईल. तासगावकडच्या द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या एक मावशी, मिरजेच्या एक भाभी, मिरज तालुक्यातल्या एक आशाताई, रिटायर झालेल्या एक शिक्षिका बाई, कॉलेजला जाणारी एक पोरगी, विश्रामबागेतल्या आम्ही दोघी-तिघी, आणि संस्थेकडून एक कोऑर्डिनेटर मॅडम. डॉक्टर कधी असतात कधी नसतात. शिक्षणाची अट नाही, मावशींना सही करता येते तेवढंच, आणि खरं सांगू का, गटातलं सगळ्यात कामाचं बोलणं त्यांचंच असतं.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यातून कळेल की हा गट कशासाठी लागतो. अंगावरून किती जातंय हे मोजायला डॉक्टरांकडं एक चित्रांचा चार्ट असतो. पुस्तकात एका पाळीत ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त असं धरतात, पण ८० मिली घरी कोण मोजणार, म्हणून १९९० साली परदेशातल्या डॉक्टरांनी हा चार्ट काढला, त्यात पॅडची चित्रं असतात, थोडं भिजलेलं, अर्धं भिजलेलं, पूर्ण भिजलेलं, बाईनं रोज खुणा करायच्या आणि शेवटी मार्क मोजायचे, १०० च्या वर गेले तर जास्त जातंय असं समजायचं. आमच्यापुढं तो चार्ट ठेवला. त्यात पॅड होतं आणि टॅम्पोनसुद्धा होतं. मावशींनी ते चित्र बोट ठेवून विचारलं हे काय हो मॅडम, कुणालाच सांगता येईना, कॉलेजच्या पोरीनं सांगितलं की पाळीत आत ठेवायची कापसाची गुंडाळी असते ती. मग भाभी म्हणाल्या की आमच्या मोहल्ल्यात अजून निम्म्या जणी कापड घेतात, कापडाचं चित्र कुठंय? आणि कापड काय एका मापाचं असतंय का, जुन्या साडीचं वेगळं, टॉवेलचं वेगळं, दोन घड्यांचं वेगळं, चार घड्यांचं वेगळं.

हे झालं चित्राचं, ते बदलता येतं. पण मावशींनी पुढं जे सांगितलं ते डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. चार्टमध्ये दिवसात किती वेळा बदललं त्याला किंमत आहे, म्हणजे जास्त वेळा बदललं तर जास्त जातंय. मावशी म्हणाल्या, अवो आम्ही सकाळी सातला बागेत जातो, विरळणीच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत घरी येणं नाही, बागेत संडास नाही, पाणी लांब, गडीमाणसं आजूबाजूला, आम्ही दिवसभर बदलतच नाही. मग तुमच्या कागदावर आमचं कमी जातंय असं येणार, आणि जी घरात बसून चार वेळा बदलती तिचं जास्त येणार. खरं तर मावशींचं कपडे भिजून परकराला लागेपर्यंत जात असतं. मी इतकी वर्षं बायकांची मापं घेते, असलं बोलणं माझ्याही कानावर येतं, पण याचा आकड्यावर असा उलटा परिणाम होतो हे मला तिथं बसल्यावर समजलं. डॉक्टर शिकलेले आहेत, मेहनती आहेत, त्यांना बागेतला दिवस माहीत नाही इतकंच, आणि तो माहीत असणारी बाई खोलीत नसती तर अख्ख्या तासगाव पट्ट्यातल्या बायकांचं कमी जातंय असा निष्कर्ष छापून आला असता.

त्यानंतर चार्ट बदलला. कापडाची चित्रं आली, आणि एक प्रश्न वाढवला की बदलायला जागा आणि पाणी होतं का, नसेल तर किती तास तसंच राहिलात, कपड्याला डाग लागला का, गाठी पडल्या का. छापलेले चार्ट बाजूला काढून परत छापले, याबद्दल मॅडमना पूर्ण मार्क.

अजून एक सांगते. कोणाकोणाला स्टडीत घ्यायचं त्या यादीत होतं की ज्यांची पिशवी काढलीय त्या बायका नकोत. डॉक्टरांच्या बाजूनं बरोबरच आहे, पिशवी नाही तर पाळी नाही, मग मोजणार काय. पण आशाताईंनी विचारलं की ज्यांचं सगळ्यात जास्त जात होतं त्यांचीच तर पिशवी काढलेली असते, त्या बाहेर राहिल्या तर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रासाच्या बायका भेटणारच नाहीत. खोलीत सगळे गप्प झाले. आपल्या भागात साखर कारखाने भरपूर, बीडकडून आणि आपल्याच जत-आटपाडीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या खोपी बघितल्यात आपण सगळ्यांनी. २०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली, त्यात कित्येक तरण्या. यातल्या किती जणींना आधी साध्या गोळ्या-औषधं देऊन बघितलं होतं, किती जणींचं रक्त आधीच कमी होतं, हे विचारायला नको का? आता आमच्या स्टडीत अशा बायकांसाठी वेगळं पान आहे, पिशवी कधी काढली, का काढली, आधी काय उपचार केले, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का. त्यांचं रक्तही तपासतात. मुख्य आकड्यात धरत नाहीत पण नोंद होते.

असल्या गोष्टी ऐकल्या की वाटतं हे आधीच का नाही विचारलं कुणी. तर पहिल्या दिवशी जे ट्रेनिंग देतात (अर्धा दिवस असतं, चहा-नाष्टा चांगला, भडंग आणि शिरा) त्यात मॅडमनी जुनं सगळं सांगितलं होतं आणि मला वाटतं ते ट्रेनिंग गटात नसलेल्या बायकांनी पण ऐकावं. अमेरिकेत १९७७ साली औषधांच्या तिथल्या सरकारी खात्यानं असं सांगितलं होतं की मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका, कारण पोटातल्या बाळाला धोका नको, आणि मग १९९३ ला कायदा करून सांगावं लागलं की सरकारी पैशाच्या रिसर्चमध्ये बायका घ्याच. मधल्या काळात बायकांनी जी औषधं खाल्ली त्यातल्या कित्येकांची मात्रा पुरुषांवर बघून ठरलेली. आपल्याकडं गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांत जाऊन ६५० बायका तपासल्या, १९८९ ला लॅन्सेट नावाच्या मोठ्या मासिकात छापून आलं, १०० तल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. तोपर्यंत जगाचं लक्ष बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढ्यावरच होतं, बाईला बाकी काही होतं हे फारसं कुणी मोजलं नव्हतं.

आणि चुकीचं झालेलं पण सांगितलं, हे मला जास्त आवडलं. तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९ ला १० ते १४ वर्षांच्या पोरींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस देऊन बघायचा प्रकल्प झाला. लस चांगली आहे, ती जगात करोडो मुलींना दिलीय, आणि त्या प्रकल्पात ज्या सात मुली वारल्या त्यांचा लसीशी संबंध चौकशीत निघाला नाही. पण कित्येक आईबापांना विचारलंच नव्हतं, कित्येक फॉर्मवर हॉस्टेलच्या वॉर्डननी आणि हेडमास्तरांनी सह्या केल्या होत्या, २०१० ला सरकारनं प्रकल्प थांबवला आणि २०१३ ला संसदेच्या समितीनं कडक ताशेरे मारले. नुकसान कुणाचं झालं तर त्या लसीबद्दलच लोकांच्या मनात भीती बसली, आजसुद्धा माझ्याकडं येणाऱ्या आया पोरीला ती लस द्यायला घाबरतात. गावातल्या चार बायांना आधी बसवून विचारलं असतं तर वॉर्डनच्या सहीची पद्धत पहिल्याच दिवशी त्यांनी बंद करायला लावली असती असं माझं मत आहे.

दुसरं उदाहरण उस्मानाबादचं, म्हणजे आताचं धाराशिव. तिथं १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा स्टडी झाला, ३० ते ५९ वयाच्या, २००९ ला निकाल आला की एकदाच एचपीव्ही टेस्ट (म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची तपासणी) केली तरी पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात. जगभर त्याचा उपयोग झाला, आपल्या मराठवाड्यातल्या बायकांमुळं झाला, अभिमानच आहे. पण त्यात एका गटातल्या बायकांची तपासणी केली नव्हती, तपासणी कुठं मिळते एवढंच सांगितलं होतं, कारण तुलना करायला तसा गट लागतो म्हणे, आणि त्यावर नंतर खूप वाद झाला. हे ऐकून आमच्या रिटायर बाईंनी तिथल्या तिथं विचारलं, आपल्या स्टडीत ज्यांना फक्त नेहमीच्या गोळ्या मिळणार आणि जादा काही मिळणार नाही त्यांचं स्टडी संपल्यावर काय? उत्तर आलं की जे जास्त चांगलं ठरेल ते शेवटी त्या गावांनाही द्यायचं असं लिहिलंय. बाई म्हणाल्या कुठं लिहिलंय ते दाखवा. दाखवलं. मला असल्या बायका आवडतात.

गोळ्यांचं पण ऐका. सरकारी लोहाच्या लाल गोळ्या आपल्या सगळ्यांच्या घरात फ्रिजवर पडलेल्या असतात, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड, गरोदरपणात रोज एक घ्यायची असते. फॉर्मवर प्रश्न होता की गोळ्या नियमित घेता का. आशाताई सरळ बोलल्या की मी जाऊन विचारलं तर सगळ्या हो म्हणणार, मला वाईट वाटू नये म्हणून. शौचाला काळं होतं म्हणून बायका घाबरून बंद करतात, काळं होणं साधं आहे पण ते कुणी सांगतच नाही, पोट गच्च होतं, उपाशीपोटी मळमळतं, आणि घेतली तरी लगेच वर चहा पितात, चहानं लोह अंगी कमी लागतं. मग आता नियमित घेता का हा प्रश्नच काढला, त्याऐवजी पाकीट दाखवा, राहिलेल्या मोजू, कशामुळं राहिल्या ते सांगा असं केलंय. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० तल्या ५४ बायकांना अ‍ॅनिमिया आहे, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत आलंय, आणि गोळ्या तर कधीपासून वाटतायत, म्हणजे कुठंतरी गळती आहेच ना, ती बाईला विचारल्याशिवाय कशी सापडणार.

आणि नवरात्र! हे कॉलेजच्या पोरीनं सांगितलं, मला फार कौतुक वाटलं तिचं. गणपती, नवरात्र, घरचं लग्न, जत्रा, काहीही आलं की आपल्याकडं बायका मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात, चिठ्ठी पण नाही विचारत कोणी. गोळी बंद झाल्यावर जी पाळी येते ती नेहमीसारखी नसते. स्टडीचा एक महिना नेमका त्याच दिवसांत होता. डॉक्टरांच्या फॉर्मवर याचा प्रश्नच नव्हता कारण सासूबाई समोर असताना ते कोण सांगेल. आता तो प्रश्न एकटीला विचारतात आणि सणाचे दिवस सोडून महिना धरतात, आणि रक्त तपासायचा कॅम्प उपवासाच्या दिवसांत ठेवत नाहीत.

आता खटकलेलं. सगळ्यात मोठं हे की सुरुवातीला आम्हाला बोलवलं तेव्हा बरंच ठरून झालं होतं. चार्ट परत छापता आला, पण संमतीचा जो फॉर्म आहे, म्हणजे बाईला वाचून दाखवतात आणि ती सही किंवा अंगठा करते, तो मोठ्या आठ पानांचा, त्यातलं बरंचसं बायकांच्या डोक्यावरून जाणारं, तो आम्ही सांगितला तसा लगेच बदलता आला नाही. कारण असं सांगितलं की एथिक्स कमिटीनं (म्हणजे स्टडीत बायकांवर अन्याय होत नाही ना हे तपासून मंजुरी देणारी समिती) तोच मंजूर केलाय, एक ओळ बदलायची तरी परत कमिटीकडं जावं लागतं. नियम बरोबर आहे, मी नियमाच्या विरोधात नाही, उलट कमिटी असलीच पाहिजे. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणं त्या कमिटीत कमीत कमी सात जण लागतात, त्यात एक तरी बाई, एक तरी सामान्य माणूस, एक कायदा जाणणारा, आणि निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे. पण मग आम्हाला कमिटीच्या आधी बोलवा ना. कित्येक महिने तो जुनाच फॉर्म चालला, आशाताई बिचाऱ्या घरोघरी तोंडी समजावत फिरल्या, आणि त्या काळात ज्या बायकांनी सह्या केल्या त्यांना सगळं कळलं होतं का याची मला आजही खात्री नाही. एक स्टार मी यासाठी कापलाय, पाचपैकी चार.

पैशाचं स्पष्ट सांगते. मानधन नाही, व्हॉलंटियर आहोत, प्रवासखर्च देतात. पण तो खात्यावर जमा होतो, त्यासाठी पासबुकची झेरॉक्स, पॅन कार्ड, सही केलेलं व्हाउचर, आणि येतो उशिरा. मला फरक पडत नाही, मी विश्रामबागेतून सिटी बसनं जाते. मावशींची त्या दिवसाची हजेरी बुडते, शिवाय एसटीचं भाडं, आणि मीटिंग ठेवायची सकाळी अकराला आणि तीही भर छाटणीत, म्हणजे त्यांनी यायचं कसं? आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिच्या २०१७ च्या गाईडलाइनमध्ये स्टडीत भाग घेणाऱ्यांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी भरून देता येते असं आहे, मग सल्ला देणाऱ्या बाईची मजुरी का बुडावी? आम्ही सगळ्यांनी मिळून हे लिहून दिलंय. मीटिंग आता रविवारी दुपारी होते, मजुरीचा निर्णय अजून झालेला नाही, आणि जोपर्यंत होत नाही तोपर्यंत या गटात नोकरदार आणि घरी बसून काम करणाऱ्या आमच्यासारख्याच जास्त येणार हे मी मॅडमना दर वेळी सांगते.

मीटिंगमध्ये काय ठरलं त्याचा कागद इंग्रजीत येत होता, ते आता मराठीत येतं, आणि भाभींसाठी मॅडम व्हॉट्सॲपवर हिंदीत बोलून पाठवतात. चांगलं केलंय. फोटोचं मात्र जपा, एकदा गटाचा फोटो न विचारता संस्थेच्या पेजवर टाकला होता, खाली मोठ्या अक्षरात विषय, आणि कॉलेजच्या पोरीच्या घरी त्यावरून बोलणी बसली. काढायला लावला. बायकांच्या पाळीचा विषय आहे, आपल्याकडं अजून लोक कशी बघतात माहीत आहे ना.

रिपोर्टचंही असंच. आधी ठरलं होतं की हिमोग्लोबिनचा रिपोर्ट फोनवर पाठवायचा. फोन कुणाचा, तर फॉर्मवर बहुतेक जणींनी नवऱ्याचा किंवा पोराचा नंबर दिलेला. रक्त कमी आहे एवढं कळलं तर हरकत नाही, पण सोबत पांढरं जातंय का, पाळी किती दिवस, असलं सगळं त्या कागदावर होतं. भाभी उठूनच उभ्या राहिल्या की असं केलं तर आमच्या गल्लीतली एक बाई येणार नाही. आता रिपोर्ट बाईच्या हातात, उपकेंद्रात, एकटीला, आणि ज्यांचं फार कमी आहे त्यांना त्याच दिवशी पुढं कुठं दाखवायचं ती चिठ्ठी. शिक्षण असलेल्या मला हे सुचलं नव्हतं, माझा स्वतःचा फोन आहे ना.

गटात कोण नाही हे पण लिहिते. ऊसतोडीची एकही बाई नाही, त्या चार-पाच महिने इथं असतात आणि मग जातात, त्यांच्यासाठी खोपीवर जाऊन बसायला पाहिजे. वयात आलेल्या पोरी कमी. आणि सांगलीतच ज्या बायकांनी हे काम सगळ्यात आधी करून दाखवलं त्या नाहीत, संग्राम संस्थेनं १९९२ पासून इथल्या वेश्या व्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं, १९९६ ला त्यांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, एड्सच्या काळात त्या बायांनी स्वतः गल्लोगल्ली जाऊन एकमेकींना समजावलं, कंडोम वाटले. बायकांना विचारून काम कसं करायचं हे शिकायला लांब जायला नको, आपल्या गावातच आहे. पुण्यात भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेत लसीची चाचणी २००५ ला झाली तेव्हाही लोकांचं सल्लागार मंडळ होतं. इंग्लंडात तर रिसर्च कशावर करायचा हेच पेशंट आणि डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, २०१७ ला एंडोमेट्रिओसिसवर (पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) तिथल्या बायकांनी आणि डॉक्टरांनी मिळून सगळ्यात महत्त्वाचे दहा प्रश्न काढले. आपल्याकडं तेवढं व्हायला वेळ आहे, पण विचारायला काय हरकत आहे.

कोणाला कुठल्याही स्टडीसाठी किंवा असल्या गटासाठी बोलावणं आलं तर आधी हे विचारा: एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, त्या कमिटीच्या सेक्रेटरीचा नंबर फॉर्मवर आहे का (असावाच लागतो), औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयवर नोंद आहे का. ही सरकारी वेबसाइट आहे, २००९ च्या जूनपासून नोंद केल्याशिवाय चाचणी करता येत नाही, आणि मोबाईलवर कुणालाही उघडून बघता येते, पोराला सांगा काढून द्यायला. मधेच सोडायचं असेल तर सोडता येतं आणि त्यामुळं तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. आणि गटात जाणार असाल तर एकच जादा प्रश्न, आमचं ऐकून मागच्या वेळी काय बदललं ते सांगा. सांगता आलं तर जा, नुसतं हसून सर्टिफिकेट दाखवलं तर वेळ घालवू नका.

आमच्याकडं आता दुसरा स्टडी यायचाय, पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांवर, म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीच्या. यावेळी काहीच लिहायच्या आधी आम्हाला बोलावलं, कोरा कागद पुढं ठेवला आणि विचारलं तुम्हाला काय जाणून घ्यायचंय. यासाठी मात्र पाचपैकी पाच. मावशींनी पहिला प्रश्न दिलाय, बागेत उन्हात काम करताना अंगातून वाफा आल्यासारखं होतं ते उन्हानं की वयानं, आणि फवारणीच्या औषधाचा त्याच्याशी काही संबंध असतो का. याचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडं तयार नव्हतं, म्हणून तो यादीत सगळ्यात वर लिहिलाय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बायका हव्यात गटात, मजुरी करणाऱ्या असतील तर आधी, ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या गावच्या आशाताईला सांगून ठेवा, त्यांच्याकडून निरोप पोचतो.